ए-२ लायसन्सचं ३५ किलोवॉट किट: वॉशर, थ्रॉटल स्टॉप की मॅप?

ब्रिटनमध्ये ए-२ लायसन्सवर, म्हणजे मोटारसायकलच्या मधल्या टप्प्याच्या लायसन्सवर, मोठी गाडी चालवायची तर तिची ताकद ३५ किलोवॉटच्या आत आणावी लागते. त्यासाठी बाजारात तीन उपाय मिळतात: इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, बसणारे वॉशर, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडू न देणारा स्टॉप आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, टाकायचा मॅप (सॉफ्टवेअरमधला तक्ता). पहिले दोन साधारण शंभर-दोनशे पौंडांच्या घरात पडतात, बसवायची मजुरी वेगळी. तिसरा बहुधा डीलरकडूनच करून घ्यावा लागतो. तिन्हींचं हे परीक्षण यामाहा एमटी-०७ डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे, कारण ए-२वाल्यांची नजर सहसा आधी तिच्यावर जाते. ६८९ सीसी, दोन सिलिंडर, मॉडेलच्या वर्षानुसार ५४-५५ किलोवॉट.

पण आधी हे किट कुणी घेऊच नये ते सांगायला हवं, कारण बरेच जण विनाकारण घेतात. वय २४ पूर्ण असेल तर ब्रिटनमध्ये थेट 'ए' वर्गाची परीक्षा देता येते आणि ताकदीची अटच उरत नाही. पुण्याहून किंवा नाशिकहून नोकरीसाठी आलेल्या सव्वीस वर्षांच्या माणसाला ए-२ शी काही देणंघेणं नाही. शिवाय इथे राहायला आल्यापासून पहिले १२ महिने भारतीय लायसन्सवर, त्यावर मोटारसायकलची नोंद असेल तर, गाडी चालवता येते. भारतीय लायसन्स मात्र इथे बदलून मिळत नाही. वर्ष संपलं की प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढायचं, सीबीटी हे सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण करायचं, थिअरी द्यायची आणि मग मॉड्यूल १ व मॉड्यूल २ हे प्रत्यक्ष परीक्षेचे दोन भाग. किट लागतं ते १९ ते २३ वयाच्या मुलामुलींना, म्हणजे मुख्यतः मास्टर्ससाठी आलेल्यांना. आपल्याकडे अठराव्या वर्षी गिअरच्या गाडीचं लायसन्स हातात पडलं की लिटरची, म्हणजे हजार सीसीची, गाडीही चालते. ती सवय घेऊन आलेल्यांना इथले टप्पे जाचक वाटतात आणि 'किट घेऊ, कागद दाखवू, मग काढून टाकू' हा विचार तिथून सुरू होतो.

नियम नेमका काय आहे? १९ जानेवारी २०१३ पासून ए-२ ला तीन अटी आहेत. ताकद ३५ किलोवॉटपर्यंत. वजनाच्या किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त नाही. आणि गाडी मुळात दुपटीहून जास्त ताकदीची नसावी, म्हणजे मूळ ताकद ७० किलोवॉटच्या आत. दुसऱ्या अटीचा हिशेब सोपा आहे: पूर्ण ३५ किलोवॉट वापरायचे तर गाडी किमान १७५ किलोची हवी. एमटी-०७ पेट्रोल-ऑइलसह १८० च्या पुढे भरते, म्हणून ती बसते. दीडशे किलोच्या हलक्या सिंगल सिलिंडर गाडीला मात्र ३० किलोवॉटवरच थांबावं लागतं, आणि ३५ चं किट विकणारा हे सांगेलच असं नाही.

तिसऱ्या अटीत सगळ्यात जास्त लोक अडकतात. केटीएम ७९० ड्यूकची मूळ आवृत्ती ७७ किलोवॉटची. तिला कोणतंही किट लावा, ती ए-२ साठी बेकायदाच. म्हणूनच कंपनीने ७० किलोवॉटची 'एल' आवृत्ती वेगळी काढली. दिसायला दोन्ही सारख्या, सेकंडहँड जाहिरातीत नावही तेच. अशी गाडी बघायला जाल तेव्हा लॉगबुक, म्हणजे व्ही-५सी, मागा. त्यात पी.२ या रकान्यात कमाल ताकद किलोवॉटमध्ये असते आणि क्यू मध्ये ताकद-वजनाचं प्रमाण. ७० च्या वरचा आकडा दिसला तर चहा पिऊन परत या.

आता किट.

वॉशर हा सगळ्यात जुना आणि स्वस्त प्रकार. मधोमध भोक असलेली धातूची चकती, थ्रॉटल बॉडी आणि इनटेकचं रबर यांच्यामध्ये बसते, सिलिंडरमागे एक. कमी आरपीएमला इंजिनाला हवा थोडीच लागते, ती भोकातून आरामात जाते. वरच्या आरपीएमला हवा कोंडते आणि ताकदीची रेघ आडवी होते. त्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडी अगदी मूळचीच वाटते, आणि साधारण निम्म्या आरपीएमनंतर तिचा उत्साह संपतो. बसवायला टाकी आणि एअरबॉक्स काढावा लागतो, क्लॅम्पचे स्क्रू सैल करून थ्रॉटल बॉडी वर उचलायची, रबराच्या आतली कड पुसून चकती सपाट बसवायची आणि सगळं उलट क्रमाने जोडायचं. जपानी गाड्यांवरच्या क्लॅम्पच्या स्क्रूला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावला तर डोकं घासतं, जेआयएस या जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरा.

वॉशरचे दोष दोन. पहिला, थ्रॉटल सेन्सर ईसीयूला सांगतो की थ्रॉटल पूर्ण उघडा आहे. प्रत्यक्षात हवा कमी आलेली असते. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सावरतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर ईसीयू ठरलेल्या तक्त्यावर चालतो आणि पेट्रोल जास्त पडतं. परिणाम: काळे प्लग, उतरलेलं ॲव्हरेज, सायलेन्सरला काजळी. दुसरा दोष बसवणाऱ्याचा असतो. चकती तिरकी बसली किंवा क्लॅम्प नीट आवळला नाही की बाजूने हवा शिरते. मग आयडल वरखाली होतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो. तपासायला इंजिन आयडलवर ठेवून जोडाभोवती कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारतात. आरपीएम बदलला तर गळती तिथेच आहे. हे गरम इंजिनावर करू नका, पेट घेऊ शकतं. दोन सिलिंडरना वेगवेगळ्या मापाच्या चकत्या लागल्याचंही सेकंडहँड गाड्यांत सापडतं. अशी गाडी आयडलला थरथरते आणि मेकॅनिक उगाच थ्रॉटल बॉडी सिंक करत बसतो.

थ्रॉटल स्टॉपमध्ये केबलची पुली किंवा मूठ ठरावीक कोनापुढे फिरत नाही. यात सेन्सर खरं तेच सांगतो, म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडत नाही, प्लग स्वच्छ राहतात. तीन-चार हजार आरपीएमला अर्धा उघडलेला थ्रॉटलही इंजिनाला लागते तेवढी जवळजवळ सगळी हवा देतो, त्यामुळे शहरात फरक कळत नाही. मूठ लवकर अडते, एवढंच सुरुवातीला खटकतं. केबलवाल्या एमटी-०७ ला तीनपैकी हा पर्याय आम्ही वॉशरच्या वर ठेवू.

याची कमजोरी केबलमध्ये आहे. सर्व्हिसिंगला कुणी केबलची ढील बदलली की स्टॉपचा कोन तोच राहिला का ते पाहावं लागतं. मुठीजवळच्या स्टॉपचा तोटा हा की ढील वाढली तर थ्रॉटल हवा त्याहून कमी उघडतो. पुलीवरचा स्टॉप अधिक खात्रीचा. त्याचा स्क्रू थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून बसवलेला आहे ना, हे विचारून घ्या. सैल झालेला स्टॉप म्हणजे कागदावर ३५ आणि रस्त्यावर ४५ किलोवॉट, आणि चालवणाऱ्याला पत्ताही नाही.

मॅप हा तिन्हींत उत्तम. राइड-बाय-वायर गाडीत (मूठ आणि थ्रॉटल यांच्यामध्ये केबलऐवजी वायर असलेल्या), २०२५ पासूनची एमटी-०७ त्यात आली, ईसीयू आरपीएम बघून थ्रॉटलचं पान किती उघडायचं ते ठरवतो. खालचा टॉर्क पूर्ण मिळतो आणि ३५ किलोवॉटला पोचल्यावर ताकद सपाट राहते. मिश्रण बरोबर, ॲव्हरेज बरोबर, उघडझाक काही नाही. डीलरच्या संगणकाला जोडून हे काम उरकतं आणि नोंद कंपनीकडेही राहते. बाहेरच्या ट्यूनरकडून फ्लॅश करून घेतलेल्या मॅपबद्दल मात्र सावध राहा. वॉरंटीचा प्रश्न येतोच, शिवाय पुढच्या सर्व्हिसला डीलरने ईसीयू अपडेट केला तर मर्यादा पुसली जाऊ शकते.

ए-२ च्या परीक्षेला स्वतःची गाडी न्यायची असेल तर आणखी एक अट आहे. ताकद बदलता येणारी गाडी असेल तर ती कोणत्या मोडमध्ये आहे ते परीक्षकाला स्पष्ट दिसलं पाहिजे. लपवलेला ईसीयू, बदलता येणारी कार्ब्युरेटरची डोकी किंवा एक्झॉस्टच्या तोंडाशी घातलेला अडसर चालत नाही.

किट विकत घेताना खरे पैसे कागदाचे मोजतो आपण, चकतीचे नाही. प्रमाणपत्र अधिकृत डीलर, आयातदार किंवा मान्य तज्ज्ञाच्या लेटरहेडवर हवं. त्यावर गाडीचा नंबर, पूर्ण १७ अक्षरांचा चासी नंबर, मर्यादा किती किलोवॉटची, कोणत्या पद्धतीने, कधी आणि कुणी बसवली हे असायला हवं. 'स्वतः बसवा, फोटो पाठवा, प्रमाणपत्र ई-मेलने येईल' अशा योजना स्वस्त असतात. इन्शुरन्सवाल्याला असा कागद चालेल का, हे त्याला लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. सेकंडहँड गाडीसोबत प्रमाणपत्र मिळालं म्हणून आत वॉशर असेलच असंही नाही. एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत, ताकद मोजत नाहीत, त्यामुळे ताजी एमओटी याबाबत काहीच सिद्ध करत नाही. शंका असेल तर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवा. इथे आकडा वाचताना घोळ होतो: ३५ किलोवॉट म्हणजे सुमारे ४७ हॉर्सपॉवर, पण ती क्रँकवरची, म्हणजे खुद्द इंजिनाची. डायनो मागच्या चाकावर मोजतो आणि चेन-गिअरबॉक्समध्ये साधारण दहा-पंधरा टक्के जातात. म्हणजे चाकावर ४० ते ४२ दिसले तर गाडी बरोबर आहे. चाकावर ४७ दिसले तर 'अगदी नेमकं' म्हणून खूश होऊ नका, गाडी मर्यादेच्या वर आहे.

आता ज्यासाठी लोक हे सगळं शोधतात ते. मर्यादा काढणं बेकायदा आहे का?

आपल्या गॅरेजमध्ये बसून वॉशर काढला तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. ती गाडी ए-२ लायसन्सवर रस्त्यावर आणली की होतो. त्याच गाडीवर पूर्ण 'ए' वाला मित्र बसला आणि इन्शुरन्स त्याच्या नावाने, खऱ्या ताकदीसह असेल तर तो कायद्यातच आहे. ए-२ वाल्याला मात्र रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ चं कलम ८७ लागतं, म्हणजे लायसन्सच्या बाहेरचं वाहन चालवणं. १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ ते ६ पॉइंट (दंडाची नोंद). हे ऐकून बऱ्याच जणांना वाटतं, झेपेल. झेपत नाही ते पुढचं. पॉलिसी ३५ किलोवॉटच्या गाडीची आणि ए-२ धारकाची असते. विनाविमा ठरलात तर कलम १४३: जागेवर ३०० पौंड आणि ६ पॉइंट, कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही, आणि पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. आयुष्यातली पहिली ड्रायव्हिंग परीक्षा पास होऊन दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटला लायसन्सच रद्द होतं. मग पुन्हा प्रोव्हिजनलपासून सुरुवात.

अपघात झाला तर हिशेब आणखी वेगळा. समोरच्याची भरपाई इन्शुरन्स कंपनीला कलम १५१ खाली द्यावी लागते, पण ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायचा अधिकार तिला आहे. एखाद्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली तर ती रक्कम किती होईल याचा विचार करा. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे माहिती जाणूनबुजून खोटी दिली असेल तर कंपनी पॉलिसी मुळापासून रद्द करू शकते आणि भरलेला हप्ताही ठेवून घेऊ शकते. रस्त्यावरचा पोलीस वॉशर शोधत नाही हे खरं. गंभीर अपघातानंतर गाडी तपासनिसाकडे जाते, आणि थ्रॉटल बॉडी उचलली की उत्तर समोर असतं.

'दोन वर्षं झाली की आपोआप सुटतं' हा सल्लाही अजून ऐकू येतो. तो २०१३ पूर्वीच्या नियमाचा आहे. तेव्हा २५ किलोवॉट, म्हणजे ३३ हॉर्सपॉवरवर दोन वर्षं काढली की बंधन आपोआप जायचं. आज तसं नाही. ए-२ ला दोन वर्षं झाली आणि वय २१ असलं, किंवा वय २४ झालं, तर 'ए' ची परीक्षा देण्याचा हक्क मिळतो, तेवढंच. मॉड्यूल १ आणि २ पुन्हा द्यावे लागतात, तेही किमान ५९५ सीसी आणि ५० किलोवॉटच्या गाडीवर. ए-२ वरून वर जाताना सीबीटी आणि थिअरी पुन्हा लागत नाही. इथे विचित्र पेच आहे: तुमची स्वतःची ३५ वर बांधलेली एमटी-०७ या परीक्षेला चालत नाही, आणि सोडवलेली एकट्याने चालवत परीक्षा केंद्रावर नेता येत नाही. सरळ उपाय म्हणजे ट्रेनिंग स्कूलची गाडी भाड्याने घेणं. एका दिवसाचे पैसे जातात, पण ते वाचवायच्या नादात लोक नको तो धोका पत्करतात.

'ए' पास झाल्यावर किट काढणं पूर्ण कायदेशीर आहे. क्रम मात्र पाळा. पासचं प्रमाणपत्र हातात आलं की आधी इन्शुरन्स कंपनीला फोन, नवी ताकद सांगून बदल लेखी घ्या, फरकाचा हप्ता भरा, आणि मगच पाना उचला. वॉशर काढले तर रबराची कड चिरलेली नाही ना ते बघा. वर्षानुवर्षं दाबून बसलेलं रबर बहुधा ताठर झालेलं असतं, बदलणं स्वस्त पडतं. स्टॉप काढल्यावर मुठीची मोकळी ढील ३ ते ५ मिलिमीटर ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आयडल वाढत नाही ना ते पाहा. मॅप असेल तर डीलरकडेच जा. कारखान्यातूनच ३५ किलोवॉटची म्हणून आलेली गाडी असेल तर खरेदीआधीच विचारा की ती सोडवता येते का, कोणते भाग लागतात आणि किती पैसे. काही मॉडेलना ईसीयूच बदलावा लागतो आणि मग 'स्वस्तात मिळाली' हा आनंद तिथेच संपतो.

१२५ सीसीच्या बाबतीत आमचं मत कडक आहे. सीबीटीवर एल प्लेट लावून ११ किलोवॉटपर्यंतच चालवता येतं. आजच्या चांगल्या फोर स्ट्रोक १२५ मुळातच त्या मर्यादेला टेकलेल्या असतात, त्यातून काढण्यासारखं काही नसतं. जुन्या टू स्ट्रोक एप्रिलिया आरएस १२५ ची गोष्ट वेगळी. तिला एक्झॉस्टमधला अडसर, बारीक मेन जेट (पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरमधलं भोक) आणि बंद ठेवलेला पॉवर व्हॉल्व्ह यांनी बांधलेलं असे. मोकळी केली की ताकद दुपटीच्या आसपास जाते. नुसता अडसर काढून जेट तोच ठेवला की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. सीबीटीवाल्याने ती मोकळी चालवणं म्हणजे वरच्या सगळ्या कलमांना एकदम आमंत्रण.

ऑस्ट्रेलियातल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट. तिथली लॅम्स योजना ६६० सीसी आणि टनामागे १५० किलोवॉटपर्यंतच्या मंजूर गाड्यांना परवानगी देते. तिथे नवशिक्यांसाठी विकलेली एमटी-०७ 'एलए' ६५५ सीसीची आहे, कारण तिचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८० ऐवजी ७८ मिलिमीटर. तिच्यात काढायचा वॉशर शोधू नका. पूर्ण ताकद हवी तर गाडीच बदलावी लागते.

तर घ्यावं काय? गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर मॅपवाली एमटी-०७, डीलरच्या कागदासह. जुनी केबलवाली असेल तर पुलीवरचा स्टॉप. वॉशरला आम्ही पाचपैकी दोन गुण देऊ, तेही बसवणारा चांगला असेल तर. पण दोन वर्षांत गाडी विकून मायदेशी परतायचं असेल तर किटच नको. मुळातच मर्यादेत बसणाऱ्या गाड्या आता भरपूर आहेत. होंडाची ४७१ सीसी सीबी५००एफ थेट ३५ किलोवॉटची आहे. रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० तशीच, ५२ न्यूटन मीटर टॉर्क आणि दोनशे किलोंच्या वर वजन, त्यामुळे ताकद-वजनाचा प्रश्नच नाही. आणि केटीएम ३९० ड्यूक किंवा ट्रायम्फ स्पीड ४०० घेतली तर ती बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून आलेली असते. स्पीड ४०० सुमारे २९ किलोवॉटची, मोटरवेच्या ७० मैलांच्या मर्यादेला पुरून उरते. अशा गाडीला प्रमाणपत्र लागत नाही, इन्शुरन्सला वेगळं काही सांगावं लागत नाही, आणि विकताना पुढचा ए-२ वाला लॉगबुकातला पी.२ चा आकडा बघूनच पैसे देतो.